वॉर्डातले पहिले तीन महिने : खान्देशात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

नवीन सिस्टरला सगळ्यात जास्त धास्ती असते ती शीर सापडण्याची. इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लागेल का, नातेवाइकांसमोर दोनदा टोचावं लागलं तर काय, याच विचारात पहिली रात्र जाते. त्याची काळजी सोडा. महिनाभरात हात बसतो, तो सगळ्यांचाच बसतो. वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला. पेशंट बिघडायला लागलाय हे आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसणं, आणि दिसल्याबरोबर ते मोठ्याने सांगणं. डॉक्टर दिवसातून दोनदा राऊंडला येतात, पेशंटपाशी चोवीस तास आपणच असतो. मी धुळे-जळगाव पट्ट्यात बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत. पुढे जे लिहिते आहे ते बहुतेक सगळं या एका गोष्टीसाठीच आहे.

रुजू होण्याआधी

जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) तीन वर्षं असोत की बीएस्सीची चार, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. 'कागद येतीलच, तोवर काम सुरू कर' असं कोणी म्हटलं तरी नाही. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, ती तारीख आजच डायरीत लिहा. मूळ कागद घरी, झेरॉक्सचे चार संच जवळ.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस (पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी) झाले नसतील तर पहिला डोस रुजू होण्याआधी घ्या. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडीची पातळी तपासून घेतली की आपण खरोखर सुरक्षित आहोत हे कळतं. हे कॉलेजातच झालं असेल असं गृहीत धरू नका, आपलं कार्ड काढून बघा.

सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवंच, मोबाईलवर वेळ बघून श्वास मोजता येत नाहीत. खिशात मावेल अशी वही, दोन पेनं, एक छोटी बॅटरी. मागून बंद, धुता येणारे बूट.

जमलं तर पहिले तीन महिने हॉस्पिटलजवळच खोली घ्या. भुसावळ-जळगाव किंवा अमळनेर-धुळे अप-डाऊन करणाऱ्या मुली पुष्कळ आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे, पण नवीन असताना डोकं दिवसभरात इतकं शिणतं की प्रवासाला अंगात काही उरत नाही. त्यात मे महिन्यात दुपारी दोनची ड्युटी असली की ४४-४५ अंशात स्टँडवर उभं राहावं लागतं.

पहिला दिवस : आधी जागा, मग पेशंट

पहिल्या दिवशी कोणी तुमच्याकडून फार अपेक्षा करत नाही. त्याचा फायदा घ्या. इन्चार्ज सिस्टरना विचारून अर्धा तास मागा आणि वॉर्ड फिरा. इमर्जन्सी ट्रॉली कुठे, तिच्या कुठल्या कप्प्यात ॲड्रिनालिन, कुठल्या कप्प्यात ॲट्रोपिन. ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि तिचा मास्क एकाच जागी आहेत का. सक्शन मशीन लावून बघा, ओढतंय का. ऑक्सिजन पाइपलाइनचा असेल तर जास्तीचा सिलिंडर कुठे, आणि त्याची चावी कुठे. डोळे मिटून हात जाईल इतकं हे पाठ हवं, कारण गरज पडते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

फ्रिज उघडून बघा. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन यांना २ ते ८ अंश लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज गेली आणि फ्रिज जनरेटरवर नसला की दोन तासांत आतलं तापमान चढतं. दारावरचं तापमानाचं रजिस्टर प्रत्येक पाळीत बघूनच भरायचं.

मावशी आणि मामा (वॉर्डातले मदतनीस) यांची ओळख त्याच दिवशी करून घ्या, नावं विचारा. वीस-वीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या मावशींना जे दिसतं ते आपल्याला सहा महिने दिसत नाही. 'सिस्टर, त्या बेडवरची बाई मला बरी दिसत नाही' असं मावशी म्हणाल्या तर हातातलं काम ठेवून उठा.

ओव्हर

सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. बहुतेक ठिकाणी पाळ्या अशाच बदलतात आणि दर वेळी ओव्हर होतो, म्हणजे मागची सिस्टर पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देते. ओव्हर टेबलाशी बसून घेऊ नका. बेडपाशी उभं राहून घ्या. मागची सिस्टर बोलत असताना तुम्ही पेशंटकडे बघायचं : सलाईनच्या बाटलीत किती उरलं, सुईची जागा सुजली आहे का, लघवीच्या पिशवीत किती आणि कुठल्या रंगाची, ड्रेसिंग ओलं आहे का, पेशंट तुमच्याकडे बघून बोलतोय का.

तुम्ही ओव्हर देताना 'ऑल ओके' म्हणू नका. काय बदललं, काय करायचं राहिलं, कशाची वाट बघतोय, हे तीन सांगा. बदल काहीच नसला तरी काय बघितलं ते सांगा.

राऊंड : श्वास मोजा

हे मी सगळ्यात जास्त पोटतिडकीने लिहिते आहे.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मेल मेडिकल वॉर्ड, बेड नऊ. पासष्टीच्या आसपासचे आबा, न्यूमोनिया, तिसरा दिवस. ताप उतरला होता. मी बीपीचं मशीन घेऊन गेले तर म्हणाले, "माय, माले कसंतरी व्हई ऱ्हायनं." मी बीपी घेतलं, ११०/७०. ताप नाही. नाडी ९८. चार्टवर आधीच्या तिन्ही पाळ्यांत श्वासाच्या रकान्यात २०, २०, २० लिहिलेलं होतं. मीही २० लिहिलं. मोजलं नव्हतं. "झोप झाली नाही आबा, पडा जरा," म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले.

दोन तासांनी इन्चार्ज सिस्टर सहज तिथे थांबल्या. पांघरूण छातीवरून खाली केलं, आबांचं मनगट हातात धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या. "चौतीस," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. आबांना त्याच संध्याकाळी आयसीयूत हलवलं. ते वाचले, आठवड्याने चालत घरी गेले. पण ते दोन तास मी वाया घालवले होते, आणि मला ते आजही माहीत आहे.

नाडी आणि बीपी बराच वेळ तग धरतात, श्वास आधी वाढतो. आणि नेमका तोच रकाना आपण अंदाजाने भरतो, कारण त्याला मशीन नाही. म्हणून पद्धत अशी ठेवा : नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटू द्यायचं की नाडीच चालू आहे, कारण श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नजर छाती-पोटावर, पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० असतो. २५ च्या वर गेला तर लगेच सांगायचं, बाकी सगळं ठीक असलं तरी. लेकरांचं गणित वेगळं : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांच्या आतल्याला ४० म्हणजे श्वास जलद.

आणखी दोन गोष्टी मशीन सांगत नाही. एक, लघवी. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीपेक्षा कमी होत असेल तर सांगा. पिशवी पाळीच्या शेवटी एकदम रिकामी करून आकडा लिहिला तर हे कळतच नाही. दुसरी, वागणं. काल नीट बोलणारी आजी आज सुनेला बहिणीच्या नावाने हाका मारते, सुई उपटते, तर तिला 'त्रास देते' म्हणून ओव्हर देऊ नका. शुगर बघा, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघा, डॉक्टरांना बोलवा.

औषधं

आपल्या वॉर्डात एकाच वेळी चार पाटील असतात. 'पाटील कोण?' विचारलं की तीन हात वर येतात आणि चौथे झोपलेले असतात. 'तुम्ही पाटील ना?' असंही विचारायचं नाही. ऐकू कमी येणारे म्हातारे कशालाही हो म्हणतात. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारा आणि केसपेपरवरच्या नावाशी, नंबराशी जुळवा. मग औषध, डोस, मार्ग, वेळ. ॲलर्जी दर वेळी विचारा.

इन्सुलिनपाशी थांबा. आपल्याकडच्या सरकारी पुरवठ्यातली बाटली बहुधा एका मिलीत ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज. १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची १०० ची. अदलाबदल झाली तर काय होतं बघा : ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला मिळतात ८ युनिट. उलटं केलं, म्हणजे १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजवर २० पर्यंत भरलं, तर जातात ५०. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच टोचा. सिनियरने 'एवढं काय' म्हटलं तरी दाखवा.

पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. कधीही नाही, कोणी सांगितलं तरी नाही. हृदय जागेवर थांबतं. ते सलाईनमध्ये मिसळून, बाटली उलटसुलट हलवून, सावकाश जातं. बाटलीवर चिकटपट्टी लावून काय घातलं, किती, किती वाजता, आणि सही.

सलाईनच्या थेंबांचं गणित परीक्षेपुरतं नव्हतं. २० थेंबांच्या सेटला (२० थेंब म्हणजे एक मिली) तासाचे मिली भागिले तीन केलं की मिनिटाचे थेंब मिळतात. ५०० मिली आठ तासांत द्यायचे तर तासाला साधारण ६२, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. मायक्रो सेटला (६० थेंब म्हणजे एक मिली) भागायचंही नाही, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. लावून गेलात की पंधरा मिनिटांनी परत या. पेशंटने हात वाकवला की थेंब बदलतात. 'लवकर संपू दे' म्हणून चाक मोकळं सोडणारे नातेवाईकही असतात, त्यांना पहिल्यांदाच नीट समजावून सांगा.

रक्त देताना दोघांनी मिळून पिशवी आणि पेपर वाचायचा, पहिली पंधरा मिनिटं बेडपाशीच उभं राहायचं, आणि पिशवी चार तासांत संपवायची. त्या लाईनमधून दुसरं कुठलंही औषध नाही.

खान्देशचं वर्ष

पुस्तकात आजार धड्यांनुसार असतात, आपल्या कॅज्युअल्टीत ते हंगामानुसार येतात.

एप्रिल-मे उष्माघाताचा. शेतातून, वीटभट्टीवरून माणूस बरळत येतो. अंग कोरडंच असेल असं नाही, घामही असू शकतो. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, आतलं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. ४० च्या वर ताप आणि भान हरपलेलं, एवढं पुरे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. कपडे काढा, अंगावर पाणी मारा, पंखा-कूलर थेट अंगावर, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ. पहिल्या अर्ध्या तासात जितकं थंड कराल तितकं वाचतं. ३९ च्या खाली आलं की थांबा, नाही तर माणूस कुडकुडायला लागतो.

जून लागला, पेरण्या सुरू झाल्या की साप. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, या चौघांच्या विषावर एकच लस आपल्याकडे मिळते. घोणस-फुरशाने रक्त गोठत नाही, म्हणून २० मिनिटांची चाचणी. ती बहुतेक वेळा तुम्हीच लावणार. काचेची नवी, कोरडी टेस्ट ट्यूब हवी. साबणाने धुतलेली चालत नाही, प्लॅस्टिकची तर नाहीच. दोन मिली ताजं रक्त घ्या, खोलीत उभी ठेवा, हलवू नका, घड्याळ लावा. वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करा. रक्त वाहिलं तर डॉक्टरांना ताबडतोब. मी नवीन असताना आठव्या मिनिटाला ट्यूब उचलून बघायचे, आणि मग ती परत लावावी लागायची. तसं करू नका.

लसीची पावडर विरघळवताना कुपी जोरात हलवू नका, फेस होतो. तळहातात फिरवा. दहा कुप्या म्हणजे वेळ लागतो, मदतीला कोणी बोलवा. लस सुरू करण्याआधी ॲड्रिनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेलं हवं. मोठ्या माणसाला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलीच्या ॲम्प्युलमधलं अर्धं. अंगावर गांधी, खाज, उलटी, धाप, बीपी पडणं यातलं काही दिसलं की लस थांबवा आणि हाक मारा.

मण्यार फसवते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटदुखी घेऊन येतो आणि गॅसचं इंजेक्शन घेऊन पडून राहतो. पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला डोळे बघायची सवय लावा. पापण्या जड दिसल्या तर डोकं न हलवता वर बघायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला लावा. आधी पंचवीसपर्यंत जाणारा अर्ध्या तासाने पंधरावर अडखळला तर श्वासाचे स्नायू निकामी होत चाललेत. ॲम्बू जवळ घ्या आणि ओरडून बोलवा.

ऑगस्टपासून कपाशीची फवारणी. कोणी फवारताना अंगावर घेतलेलं असतं, कोणी रागाच्या भरात प्यायलेलं. तोंडाला फेस, घामाने निथळलेलं अंग, टाचणीएवढ्या बाहुल्या. हातमोजे घालूनच हात लावा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा. कपडे टाकून द्यायचे नाहीत, ही मेडिकोलीगल (पोलिसांत नोंद होणारी) केस आहे. पिशवीत बांधून, लेबल लावून ठेवायचे. ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू झालं की बाहुल्यांवरच नजर ठेवू नका. छाती कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आली का, घाम थांबला का, हे बघा आणि वेळेसह लिहा. आणि प्यायलेल्याला 'का केलंस' असं सगळ्या वॉर्डासमोर विचारू नका. त्याला दोन दिवसांनी एकट्यात बोलायला कोणीतरी लागेल, ते तुम्ही असू शकता.

सिकलसेल हा रक्ताचा आजार वर्षभर. सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुवा-तळोद्याकडून येणारी भिल्ल, पावरा लेकरं हात-पाय, कंबर धरून कळवळतात. बाहेरून सूज नाही, जखम नाही, म्हणून काही जणांना ते नाटक वाटतं. ते नाटक नाही. कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि त्या हाडाला अक्षरशः उपासमार होते. वेदनेचं औषध वेळेवर द्या, मागायची वाट बघू नका. पाणी भरपूर, अंग गरम, एसी-कूलरच्या झोतापासून दूर. सॅच्युरेशन कमी असेल तर ऑक्सिजन. सिकलसेलच्या लेकराला ताप आला तर ती इमर्जन्सी समजा, आणि छातीत दुखतंय म्हणालं तर त्याहून मोठी. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, पण या लेकराचा त्या रात्रीचा त्रास कमी करायला तुम्हीच आहात.

बोली, आणि 'उपाशी' या शब्दाबद्दल

अहिराणी येत नसेल तर पहिल्या महिन्यात कामापुरती शिका. 'कथं दुखस?', 'काय व्हयनं?', 'पोटमा दुखस का?' एवढं म्हटलं तरी म्हातारं माणूस मोकळं होतं. रावेर-यावलकडची लेवा बोली वेगळी, तळोद्याच्या वरच्या बाजूची पावरी, भिली अगदी वेगळी. तिथे एखादी मावशी किंवा पेशंटचा शिकलेला भाचा मध्ये घ्या. फक्त बाईमाणसाचं दुखणं पुरुष नातेवाइकामार्फत विचारू नका, अर्धं सांगितलंच जात नाही. वडीलधाऱ्यांना आबा, नाना, आप्पा, आजी म्हणा. बेडच्या नंबराने हाक मारू नका.

शब्द जपून वापरा. 'सकाळी ऑपरेशन आहे, उपाशी राहा' असं सांगून मी एकदा निश्चिंत झाले होते. सकाळी सहाला बाईंनी चहा घेतला होता आणि दोन केळी खाल्ली होती. ऑपरेशन पुढे ढकललं. बाईंची चूक नव्हती. आपल्याकडे उपास म्हणजे जेवण नाही, चहा-केळी-साबुदाणा चालतो. तेव्हापासून मी सांगते : "रात्री इतक्या वाजल्यानंतर जेवण नाही, चहा नाही, फळ नाही. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते मी येऊन सांगेन." आणि मग म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, सकाळी काय घेणार?" उत्तर ऐकल्याशिवाय तिथून हलत नाही. जोडीला असलेल्या नातेवाइकालाही तेच विचारते, कारण थर्मासमधून चहा तेच काढतात.

एका पेशंटमागे गाडीभर माणसं येतात. त्यांना हाकलून लावण्यापेक्षा त्यांतला एक जण निवडा, ज्याचं बाकीचे ऐकतात, आणि सगळी माहिती त्यालाच द्या. कळत नाही म्हणून माणसं चिडतात. 'डॉक्टर येतील' यापेक्षा 'डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, मी दहा मिनिटांपूर्वी फोन केला, पुन्हा करते' हे ऐकलं की आवाज खाली येतो. तरीही कोणी अंगावर धावलं तर एकटीने तोंड देऊ नका, मागे व्हा, सिक्युरिटीला बोलवा. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरचा हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार लेखी द्या.

डॉक्टरांना फोन

रात्री तीनला फोन करायला नवीन मुली घाबरतात. सर ओरडतील, 'एवढ्यासाठी उठवलं?' म्हणतील. म्हणोत. फोन करण्याआधी केसपेपर हातात घ्या, आकडे स्वतः घ्या, आणि असं बोला :

"सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड नऊ, न्यूमोनिया, तिसरा दिवस. श्वास संध्याकाळी २२ होता, आता ३४. ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ८८. बीपी ११०/७०, नाडी ९८. पेशंटला बसवलंय, ऑक्सिजन लावलाय. तुम्ही येऊन बघायला हवं असं मला वाटतंय."

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसते आकडे झोपेतल्या माणसाला कळतातच असं नाही. तोंडी ऑर्डर मिळाली तर ती परत वाचून दाखवा : औषधाचं नाव, डोस, मार्ग. लिहून ठेवा, सकाळी सही घ्या. कोणी आलं नाही तर फोन केल्याची वेळ नोट्समध्ये लिहा आणि वरच्यांना सांगा. ती चहाडी नाही.

सुई टोचली, चूक झाली

सुईला परत टोपण लावायचं नाही. वापरलेली सुई थेट पांढऱ्या कडक डब्यात, सिरिंज-नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काच निळ्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच सांगा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. लाजून चार दिवस गप्प बसलेल्या मुली मी बघितल्या आहेत. ते चार दिवस त्यांना झोप नव्हती, आणि औषधाची वेळ निघून गेली होती.

औषधाची चूक झाली तर क्रम एकच : आधी पेशंट बघा, मग डॉक्टरांना सांगा, मग लिहा. चार्टवर खाडाखोड करू नका, पान बदलू नका. ओरडा बसेल. पण चूक वेळेत कळली तर उतारा देता येतो, लपवली तर कोणालाच काही करता येत नाही.

पहिली एकट्याची नाईट

पंधरा मिनिटं आधी या. ओव्हर घेतल्यावर आधी इमर्जन्सी ट्रॉली उघडून बघा, सक्शन लावून बघा, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) बल्ब लागतो का बघा, फ्रिजचं तापमान बघा. मग सगळ्यात आजारी पेशंट कोण ते ठरवा आणि त्याला तुमच्या टेबलासमोरच्या बेडवर घ्यायला जमतंय का ते विचारा. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरचं नाव आणि एक्स्टेन्शन नंबर हातावर लिहून ठेवा, दोन हात कमी पडले तर आधी तिलाच बोलवायचं.

डबा आणा, बाराच्या आत खा. भरीत-भाकरी पोटभर खाऊन पहाटे डोळे उघडे राहत नाहीत, निम्मं खा. पहाटे तीन ते पाच सगळ्यात वाईट. डोळ्यांवर झापड येते आणि पेशंटही याच सुमारास बिघडतात. त्या वेळी बसू नका. चारला बॅटरी घेऊन एक फेरी मारा, प्रत्येक बेडपाशी थांबा, छाती हलते आहे ते बघा. झोपलेला पेशंट आणि गार पडलेला पेशंट लांबून सारखेच दिसतात.

सकाळी आठला ओव्हर देताना रात्री सांगायचं राहिलेलं काही आठवलं तर ते तेव्हाच सांगा. वाटेत आठवलं तर रिक्षातून फोन करा, कोणी हसत नाही. खिशातल्या चिठ्ठ्यांवर पेशंटची नावं असतात, त्या वॉर्डातच फाडा. आणि नार्कोटिकच्या (कडक वेदनाशामकांच्या) कपाटाची चावी खिशात राहिली नाही ना ते गेटवर येण्याआधी चाचपून बघा. ती घरी गेली, तर हाड मोडलेल्या एखाद्या माणसाचं इंजेक्शन तुम्ही परत येईपर्यंत अडून राहतं.